पट्टीचा कोपरा

१३ ऑक्टोबर २०००, शुक्रवार

कोजागिरी. मराठी मंडळाच्या हॉलच्या गच्चीवर सगळ्यांचं दूध. भय्यासाहेबांनी गाठलंच. इथल्या मराठी घरांतली निम्मी लग्नं त्यांच्या हातून जुळतात, आणि ते हे कोणाला विसरू देत नाहीत. बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, एक प्रायव्हेट बात होती." शाळेत शिकवणारी कोणी जयू आहे, तिच्यासाठी भोपाळचं स्थळ आलंय. मुलाकडच्यांच्या कानावर काहीबाही गेलंय, त्यांना खात्री हवी — ती माझ्याकडे, म्हणजे मानसोपचाराला, कधी आली होती का?

आली नव्हती. मी तिला ओळखतही नाही. म्हटलं, "नाही, कधीच नाही."

त्यांचा चेहरा खुलला. मलाही बरं वाटलं. खरं बोलून कोणाचं काम होत असेल तर त्यात वाईट काय?

दूध जरा जास्तच आटवलं होतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

नवी पेशंट. जिन्यावर पाय ओढत आली. माझ्या क्लिनिकच्या खाली चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे माझे निम्मे पेशंट घरी डोळ्यांचं निमित्त सांगून इथे फ्रीगंजच्या बाजारात येतात. ही पण तशीच. थोड्या दिवसांनी तिची आई चारचौघींत सांगेल, पोरीचा नंबर सारखा वाढतोय!

खरं नाव इथेही नको. मंगला म्हणू. वय सव्वीस, शिक्षिका. ऑगस्टमध्ये देवास रोडवर लूनावरून पडली, नडगीवर मोठी जखम झाली, ती अजून भरत नाही. झोप लागत नाही म्हणाली. लग्न ठरलंय. मुलगा ग्वाल्हेरचा, बँकेत. सासूबाईंचा निरोप आहे: नवरी सप्तपदीला लंगडायला नको, जखम भरली की मुहूर्त काढू.

तुला हे लग्न करायचंय का, असं विचारलं. तिने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

२४ ऑक्टोबर

श्रीपादचा फोन. इंदूरला मेडिकलला आम्ही एका वर्गात होतो. तो सर्जन, मी मानसोपचार. त्याचं नर्सिंग होम माझ्या पुढच्याच गल्लीत आहे. परदेशी जर्नलमध्ये त्याने जखम भरण्याचं नवीन तंत्र वाचलंय आणि आता स्वतःच जुळवाजुळव करतोय. जखमेत निर्जंतुक स्पंज ठेवायचा, वर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी चारही बाजूंनी सीलबंद चिकटवायची, आत नळी घालायची आणि पंपाने हवा ओढत राहायची. घाण पाणी निघून जातं, सूज उतरते, खालून नवं मांस भरत येतं. नवी सायकल मिळालेल्या मुलासारखा बोलत होता.

"पहिली पेशंट पण मिळाली. नडगीची जखम. टीचर आहे बिचारी." आणि नाव सांगून टाकलं. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या कुठल्याही नावाला म्हटलं असतं तसंच "हं" म्हटलं. निदान प्रयत्न तरी तसा केला.

३१ ऑक्टोबर

मंगला आता श्रीपादकडे ॲडमिट आहे. नळीला चिमटा लावून तासाभराची परवानगी काढून आली — "डोळे दाखवायला".

आज बोलली. जखम भरत नाही, कारण ती भरू देत नाही. लाइट गेली की पंप थांबतो आणि आयाबाई कंदील शोधायला जाते. तेवढ्यात ही प्लास्टिकचा कोपरा उचलते. सील सुटलं की परत पहिल्यापासून. नव्या यंत्राआधी साधी पट्टी होती तेव्हा तर सोपंच होतं म्हणाली.

आवाजात काही नव्हतं. वडील नाहीत. भावाने शब्द दिलाय. मुलात खोट काढण्यासारखं काही नाही, हीच अडचण. "मला नाही म्हणता येत नाही, मॅडम. पायाला येतं."

श्रीपादला सांगू का, म्हणून विचारलं. नको म्हणाली, ते घरी सांगतील. सांगेलही. श्रीपादच्या पोटात काही राहत नाही, आठवड्यापूर्वीच पाहिलं.

४ नोव्हेंबर, शनिवार

छत्तीसगड वेगळं झालं आणि जाताना वीज घेऊन गेलं असं जो तो म्हणतोय. लाइट केव्हा जाईल नेम नाही. श्रीपाद वैतागलाय. पंप थांबतो, कोपरा सुटतो, जखम जिथल्या तिथे. "ही बिजली मला पेपर लिहू देणार नाही बघ!" मोठा इन्व्हर्टर घेतोय.

माझ्या एका वाक्यात त्याचं काम झालं असतं. पण ते वाक्य माझं नाही, तिचं आहे.

आणि पाय? तोही तिचाच. नडगीवर मांस कमी, हाड लगेच खाली. मी गुप्तता पाळते म्हणून स्वतःला चांगली समजत बसायचं, आणि तिकडे तिचं हाड सडायचं — ह्याला काय म्हणतात?

७ नोव्हेंबर

मंगलाला स्पष्ट सांगितलं. एक्स-रेत हाड अजून ठीक आहे असं ती म्हणते. हाडाला काही झालं तर मी श्रीपादला सांगणार. फक्त त्याला, आणि आधी तुला सांगून. रडली नाही. "थोडे दिवस द्या," म्हणाली.

मग एकदम वेगळंच. जयू तिच्याच शाळेत शिकवते, तिचं भोपाळला ठरलं. "तुम्ही सर्टिफिकेट दिलंत म्हणे. भय्यासाहेब सगळीकडे सांगत असतात, डॉक्टरीणबाईंनी साफ 'नाही' म्हटलं म्हणजे मुलगी ठणठणीत."

जिच्याबद्दल मी 'नाही' म्हणणार नाही, तिचं काय मग? हे कोजागिरीला सुचायला हवं होतं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

भय्यासाहेब क्लिनिकवर. सरळ वर आले, चष्म्याच्या दुकानाकडे न बघता. त्यांना काय!

मंगलाचं नाव घेतलं. ग्वाल्हेरचं स्थळ त्यांनीच आणलेलं. कोणीतरी नाव न सांगता त्यांना फोन केला म्हणे — मुलगी डॉक्टरीणबाईंकडे जाते, विचारून घ्या.

"भय्यासाहेब, मी कोणाबद्दलच सांगत नाही."

"जयूचं तर सांगितलं होतं."

"ते चुकलं माझं."

"चुकलं कसं? ती येत नव्हती, तुम्ही नाही म्हणालात. हिचंही नाही म्हणा, मी हा उठलो."

एक शब्द. तो म्हटला असता तर सगळं झाकलं गेलं असतं. म्हणता आला नाही. मी गप्प बसले.

त्यांनी चहा बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, रुमालाने मिशी पुसली. "समजलं," म्हणाले, अगदी हळुवारपणे. मी त्यांच्यावर उपकार केल्यासारखं.

११ नोव्हेंबर

जयूच्या वेळी गप्प बसले असते, तर काल गप्प बसण्याला अर्थ राहिला असता. येणाऱ्यांबद्दल गप्प राहायचं तर न येणाऱ्यांबद्दलही राहायला हवं. इतकं साधं. वीस वर्षं शिकलेलं आणि एका कप दुधावर घालवलेलं.

१४ नोव्हेंबर

मंगलाला सगळं सांगितलं. जयूचं, भय्यासाहेबांचं, माझ्या गप्प बसण्याचं. माफी मागितली. खिडकीतून चौकातल्या घड्याळाच्या टॉवरकडे बघत राहिली.

"असू दे, मॅडम."

एवढंच. धक्का बसला असावा.

१९ नोव्हेंबर, रविवार

ग्वाल्हेरहून नकार आला.

तिचा भाऊ घरी आला. बसला नाही. "तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"काहीच नाही."

"मग सांगायचं होतं ना! माझी बहीण तुमच्याकडे येत नाही, एवढं म्हणायला तुमचं काय जात होतं?"

ती येते हे त्याला ठाऊकच नाही. म्हणजे त्यालाही मला काही सांगता येईना. हो नाही, आणि नाहीही नाही. दाराला धरून उभी राहिले. आई दोन घास खात नाही म्हणाला, आणि गेला. फाटक मात्र नीट लावून गेला. चांगल्या वळणाचा मुलगा आहे.

त्याच्या जागेवरून पाहिलं तर तो बरोबर होता. मी माझ्या जागेवरूनही तितकी बरोबर नव्हते.

२८ नोव्हेंबर

लाइट रोज जाते. कोपरा सुटलेला नाही.

५ डिसेंबर

श्रीपादने जखम दाखवायला मुद्दाम बोलावलं होतं. पेशंटला विचारलंस का, म्हटलं. "अगं, त्यात काय विचारायचं!" गेले नाही. मग संध्याकाळी फोटो घेऊन स्वतःच आला. लालभडक, दाणेदार मांस, अगदी कडेपर्यंत. सगळं श्रेय इन्व्हर्टरला. इंदूरच्या कॉन्फरन्समध्ये पेपर वाचणार आहे, त्यात वीजपुरवठा अखंड हवा यावर वेगळा परिच्छेद.

अभिनंदन केलं. खोटं नव्हतं. यंत्र खरंच चांगलं आहे, जखमेला तिच्या कामाला लावून देतं. फक्त कोणी हात लावायला नको.

माझ्या चुकीने तिचा पाय वाचला. ह्याचं काय करायचं कळत नाही. बरं वाटून घ्यावं, तर पुढच्या वेळीही चुकायला मोकळी.

१० डिसेंबर

हॉलमध्ये दोघी जणी तिच्याबद्दल बोलत होत्या. मला पाहून थांबल्या, आणि एकीने मला बसायला खुर्ची दिली.

१९ डिसेंबर, मंगळवार

मंगला आली. पट्टी नाही, नडगीवर गुलाबी कोवळं कातडं. आज आईला खरं सांगून आली होती, चष्म्याचं नाही.

मी म्हटलं, लोक बोलतायत, आता स्थळं यायची नाहीत, आणि ते माझ्यामुळे.

"तेच तर हवं होतं. भय्यासाहेबांना फोन मीच केला होता, नर्सिंग होमखालच्या बूथवरून. तुम्ही खोटं बोलणार नाही, माहीत होतं."

आणि मी बोलले असते तर?

"मग कोपरा होताच की."