हिचा डबा जुनी लाइन सोडत नाही

सोम., ३ नोव्हें.
चार दिवस वही उघडली नाही, उशीर झाला, चुकलंच.
सकाळी मेधाचा खराडीहून फोन. हिच्या उशाशी ठोके मोजणारा डबा आहे, त्याची माहिती लेकीच्याच कंपनीत जाते. ठोके चुकले की तिथून दवाखान्याला कळवतात. जुलैत ही त्यामुळेच वाचली. आता ते एक जुना सर्व्हर बंद करणार. शुक्र. सायं. ६.
"नवीन कुणाला त्यावर घेत नाही, बाबा. आहेत ते सुटले की दुसऱ्यावर जातात. आपला डबा सुटतच नाहीये."
एकदा जोडला की लाइन धरूनच ठेवतो. बंद करून चालू केला तर नवीन घेईल. नाहीतर सहाला ते तोडणार. आणि तोडल्याचं या जुन्या डब्याला कळेलच असं नाही, म्हणे. मग तो ठोके पाठवत बसणार, तिकडे ऐकायला कुणी नाही.
जेवण गेलं नाही.

बुध., ५
मेधा : पाच मिनिटं बंद ठेवा, मग चालू करा. मी नाही म्हणालो. बसवायला आलेल्या माणसाने बजावलं होतं, कधीही बंद करू नका. सातवी शिकलेला मी, सांगितलं तेवढं करतो. त्या पाच मिनिटांत काही झालं तर?
ही म्हणते, "अहो, पाच मिनिटं तुम्हीच बघा माझ्याकडे. लग्नानंतर राहूनच गेलंय ते." आणि हसली. मला कसलं हसू.

गुरु., ६
वीज बंद, गुरुवारचं नेहमीचं. दुपारी मेधा : "बाबा, कोथरूडमधले बाकीचे डबे वीज गेल्यावर आपोआप सुटले. जुन्यावर एकच उरलाय. आपला. इन्व्हर्टरवर लावलाय का?"
लावलाय. मीच. गुरुवारी वीज जाते म्हणून खास. प्लग निसटू नये म्हणून वर सुतळी बांधली. काळजीपोटी केलं आणि हिलाच एकटं पाडलं.

शुक्र., ७
साडेपाचला सुतळी कापली. प्लग काढला. घड्याळ, ही, घड्याळ.
"श्वास घ्या, अहो. पेशंट मी आहे."
परत लावला. मेधाला सांगितलं. म्हणाली, नवीन यादीत आईचं नाव आलं की कळवते, फोन मोकळा ठेवा.
६.२५. जुना सर्व्हर बंद झाला असणार. फोन नाही. आपण करावा, तर नेमकी तेव्हाच ती करत असेल. हिचं मनगट धरून मोजतोय. आकडा हुकतो, पुन्हा एकपासून.
मेधा, नाव आलं की नाही, एवढंच कळव. लवकर कळव, बाळा.