गोऱ्यांच्या मुलखात भाजलेला रोडगा

माय, आज म्या तुह्यासाठी रोडगे भाजले. हासू नको. या साहेबाच्या मुलखात, परसात, गवऱ्यायच्या निखाऱ्यात! पावावर जगनाऱ्या लोकायले रोडगा काय ठाऊक?

तू गेली त्या साली कापसाले सोन्याचा भाव आला होता. अकोल्याच्या बाजारात गाड्यायची रीघ, अन् आपल्या घरी तुह्या दहाव्याची तयारी. मी नुकतीच विधवा होऊन माहेरी आलेली. पिंडाले कावळा काही शिवेना. अमरावतीचा मामा म्हणे, "वावर राखीन." मोठी माय म्हणे, "पोरीचा पाट लावून देईन." कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तुहा जीव कशात अडकला होता, कोणालेच समजलं नाही. ते मले आजवर टोचत आलं, वं माय. मंग कापूस घ्याले आलेल्या साहेबाचं लेकरू मी सांभाळलं, अन् त्याच लेकरासंगं जहाजात बसून इकडं आली.

इतके दिवस रोडगा काही जमला नाही. इथचं पीठ पांढरं, मऊ, निखाऱ्यावर ठेवलं की चिकटून बसे. परवा पिठाच्या गिरणीत घोड्यायसाठी ठेवलेलं जाडंभरडं, कोंड्यासकट पीठ दिसलं. मुठीत घेतलं अन् मले हसूच फुटलं. गोदीपाशी आपल्या इकडच्या खलाशायसाठी एका म्हाताऱ्यानं दुकान मांडलं हाय, तिथं ओवा भेटला. नाकाले लावला तं थेट तुह्या चुलीपाशीच गेली, अन् तू ओरडून राहिली, "जाळ काहून पायतं वं? निखारा पाय!" दूधवाल्याच्या गोठ्यातून शेण आणून गवऱ्या म्याच थापल्या. शेजारीण नाक दाबून बोंबलली. मंग तुपात बुडवलेला रोडगा तिच्या हाती देला, तं बाप्पा, दुसरा मांगाले आली!

सर्वपित्री अंदाजानंच धरली. एक रोडगा कुंपणावर ठेवला. कावळा आला, पण दूर बसला. म्या हात जोडले. "माय, पुढच्या साली अकोल्याले येईन." नाही. "आल्यावर पाट लावून घेईन." तरी नाही. मंग मले संतापच आला. "काय पायजे तुले? मी मजेत हाय इथं! पोटभर जेवतो, लेकरू बिलगून झोपते, कोणी मले पांढऱ्या पायाची म्हणत नाही. माही काळजी सोड आता!"

कावळा उडत आला अन् रोडगा घेऊन गेला.

रडली मी, अन् हसलीबी. शेजारीण खिडकीतून पाहून राहिली होती, तिले काय सांगू?

हा कागद पाठवू तरी कुठं, तू आहे तिथं टपाल जात नाही. पन एक सांगतो. पुढच्या साली येईन म्हटलं ते खोटं होतं, माय. मले इथंच राहाचं हाय.