आज्याच्या आवाजाची नात

मु. रामाकोना

अनसूबाई,

तू सात वर्षांची पोर अन् मिशी आज्यासारखी! मी हळद-बेसन घासून थकली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, पोटातल्या गुर्द्यावरची गाठ पुरुषाचा रस सोडून राहिली. राज्यांची नवी वाटणी झाली अन् नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं म्हणतात. मले तर तू तिथं दवाखान्यात गेल्यावरच ते दूर वाटलं.

उद्या गाठ काढतील. मिशी जाईल, जाड आवाजाचं सांगता येत नाही म्हणतात.

मास्तरीणबाई लिहून राहिल्या म्हणून हळूच सांगते. तू अंगणातून ‘जेवायले वाढ’ ओरडली, की गेलेला म्हातारा आला वाटून मी डोक्यावर पदर घ्यायची.

हे पत्र टपालाच्या पेटीत टाकत नाही. घरी ये, अक्षरं शीक अन् तूच मले वाचून दाखव. कोणत्याही आवाजात ओरड. मी पदर घेऊनच बसली आहे.

तुही बिनमिशीची आजी,
अंबाबाई