आई-नाहीचा खेळ

सोमवार, ३ सप्टेंबर

नोकरीचा पहिला दिवस, आणि दिवसभर तोंडातून एक शब्द काढायचा नाही! ताईला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून पडायचीच बाकी होती. म्हणाली, तुला गप्प बसवण्यासाठी आम्ही लहानपणी हात जोडले, खाऊ दिला, धपाटे घातले, काही उपयोग झाला नाही. आणि या लोकांना एका दिवसात जमलं!

पण काम खरंच तसं आहे. बालवर्गाच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, एक बुटकी लाकडी खुर्ची. तिच्यावर मी, मांडीवर पॅड, हातात पेन्सिल. मुलं काय करतात ते बघायचं आणि लिहायचं. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी सकाळी नियम समजावून सांगितले. मुलाच्या डोळ्यांत बघायचं नाही. त्यानं काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, हसायचंही नाही. हळूहळू मुलांना तुमची सवय होते, कपाटाची होते तशी, आणि मगच ती खरी वागायला लागतात. आणि लिहायचं ते फक्त दिसेल तेवढंच. ‘मुलगा रागावला’ असं नाही, ‘मुलानं मूठ आवळली, पाय आपटला’ असं. रागावला की नाही ते ठरवणारे दुसरे.

मला हे भलतंच आवडलं. आणि खरं सुख वेगळंच आहे. भिंगरीला याच वर्गात प्रवेश मिळाला. माझी लेक साडेचार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. तिचे बाबा गेले आणि आम्ही दोघी ताईकडे राहायला आलो, तेव्हापासून तिला माझ्याशिवाय करमत नाही. असं मी सगळ्यांना सांगते. करमत नाही ते मला. आता ती दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असणार. आणखी काय हवं?

मंगळवार, ४ सप्टेंबर

वर्ग मोठा आणि उजेडाचा आहे. भिंतीला ओळीनं खुंट्या आहेत, प्रत्येक खुंटीवर एका प्राण्याचं चित्र, आणि त्या त्या मुलाचं दप्तर तिथे लटकतं. भिंगरीला कासव मिळालं, म्हणजे कुणीतरी नेमकी थट्टा केली. समोरच्या कोपऱ्यात वाळूचा हौद आहे, लाकडी पेटीएवढा.

आज एक गंमत टिपली. हौदाच्या शेजारी जरा मोकळी जागा आहे. मुलं पळत हौदाकडे जातात, पण त्या मोकळ्या जागेवरून कुणी जात नाही. बरोबर तिथे येऊन वळसा घेतात, खुर्ची आडवी आल्यावर घ्यावा तसा. कालच शाळेत आलेला मुलगाही वळसा घेतो. वर्गबाईंना मधल्या सुट्टीत विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या आधीच्या निरीक्षकबाई तिथे बसायच्या, त्याची सवय राहिली असेल. फार गुणी बाई, असून नसल्यासारख्या. नोकरी कधी सोडून गेल्या ते आठवत नाही म्हणाल्या. खुर्च्याही दोन होत्या, दुसरी कुठे गेली कोण जाणे.

आमच्या भिंगरी बाईसाहेबांनी मात्र आज माझी पुरती शोभा केली. वर्गात शिरल्या शिरल्या ‘माझी आई!’ म्हणून ओरडली आणि माझ्या मांडीवर चढून बसली. मग बाकीचीही जमली. पॅडवर कुणीतरी मासा काढून दिला आहे.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. आवाज गोड होता, मुद्दा मात्र गोड नव्हता. भिंगरी रोज मला बिलगते, त्यामुळे कुणाचंच निरीक्षण होत नाही. एक तर तिनं दुसऱ्या शाळेत जावं, नाही तर मी.

घरी येईपर्यंत मात्र युक्ती सुचली. हिला नियम सांगून उपयोग नाही, खेळ सांगितला तर जीव तोडून खेळेल. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, या खेळाचं नाव ‘आई नाही’. मी इथे आहे, पण तू मला बघायचं नाहीस, ऐकायचं नाहीस, माझ्याशी बोलायचं नाहीस. मी ‘खेळ संपला’ म्हणेपर्यंत. मध्येच बघितलंस तर हरलीस. पहिल्यांदा ती लगेच हरली. मग बिस्किटाचं आमिष दाखवलं. झोपायच्या वेळेपर्यंत ती माझ्यासमोरून अशी फिरत होती, जणू मी स्टुलावर नाहीच. ताई बघून म्हणाली, पुरे गं, मला कसंतरी होतं. मी हसण्यावारी नेलं.

मंगळवार, ११ सप्टेंबर

काय सांगू, जमलं! काल आणि आज, दोन्ही दिवस भिंगरीनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फाटकाबाहेर पडल्यावर मी ‘खेळ संपला’ म्हणते आणि ती अशी काही अंगावर उडी मारते की दोघी पडायच्या बेतात येतो. माझा जीव भांड्यात पडला.

बाकीच्या मुलांनीही मला सोडून दिलं आहे. आज दोघं माझ्या पायाशी बसून भांडली आणि एकानं दुसऱ्याला चावा घेतला, मी तिथे नसल्यासारखा. मोठ्या बाईंनी नोंदी वाचून शाबासकी दिली.

एकच मुलगी वेगळी. बदकाच्या खुंटीची. मी तिला बडबडी म्हणते, कारण ती माझीच भाऊबंद आहे, तोंड मिटतच नाही. ती हौदाजवळ वळसा घेत नाही. त्या मोकळ्या जागेसमोर मांडी घालून बसते आणि वर बघून गोष्टी सांगते. आज सांगता सांगता थांबली, मान कलती केली, आणि खुदकन हसली. कुणी तरी उत्तरादाखल हसल्यावर मूल हसतं, तसं.

हे शेवटचं वाक्य नोंदीत लिहिलं नाही. ते दिसलेलं नव्हे.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

बडबडी परवापासून आलेली नाही. आजारी असेल म्हणून वर्गबाईंना विचारलं. त्यांनी विचारलं, कोण? मी म्हटलं, ती बदकाच्या खुंटीची. त्या म्हणाल्या, बदकाची खुंटी तर पहिल्यापासून रिकामीच आहे.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. शाळा सुटताना बडबडीची आई फाटकाशी दिसली. कडेवरचं बाळ घेऊन समोरच्या दुकानात गेली आणि सरळ निघून गेली. शाळेकडे वळूनही पाहिलं नाही.

मला भीती वाटते आहे. कशाची, ते लिहिता येत नाही.

मंगळवार, १८ सप्टेंबर

शिपाईदादा रोज मला चहा देतात. काल दिला नाही, आजही नाही. मागितला तर त्यांनी ऐकलंच नाही. वर्गबाईंनी ओला फडका वाळत घातला, तो माझ्या खांद्यावर. मी ‘अहो!’ म्हणाले. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी ताईनं दोनच पानं वाढली, तिचं आणि भिंगरीचं. मी म्हटलं, माझं गं? तिनं दचकून इकडे तिकडे पाहिलं, मग मला पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. खूप हसलो आम्ही. भिंगरीनं गुपचूप आपलं पान माझ्याकडे सरकवलं.

उद्या मोठ्या बाईंकडे राजीनामा देणार. भिंगरीला घेऊन बाहेर पडायचं. नोकऱ्या छप्पन्न मिळतील.

गुरुवार, २० सप्टेंबर

काल आणि आज, दोन्ही दिवस मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले. त्या लिहीत होत्या. राजीनामा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बाजूला सारून खालचा कागद घेतला.

आज शाळा सुटताना ताई भिंगरीला बूट घ्यायला न्यायला आली. मी वर्गातून हाक मारली. दोघी हात धरून गेल्या. मी उठले, तेवढ्यात शिपाईदादांनी बाहेरून कडी घातली. मी दार बडवलं. त्यांची पावलं हळू हळू जिना उतरत गेली, अजिबात घाई न करता.

इथूनच लिहिते आहे. ताई मला शोधायला येईलच.

शुक्रवार

कुणी आलं नाही.

सकाळी दार उघडल्या उघडल्या मी बाहेर धावले. व्हरांडा ओलांडला, जिना उतरले, फाटकाला हात लावला — आणि मी खुर्चीवर होते. मांडीवर पॅड. हातात पेन्सिल. पुन्हा गेले. पुन्हा खुर्ची.

भूक लागत नाही.

मुलं माझ्यापाशी येतात आणि वळसा घेतात.

सोमवार

हौदाजवळ ती दिसली. दुसरी खुर्ची. खुर्चीवर एक बाई, मांडीवर पॅड. पायाशी बडबडी.

मी आधी बडबडीला हाक मारली. ती बोलत नाही. नुसती बसून असते. ती मुलगी! मला रडूच आलं.

बाई मान वर न करता बोलली. म्हणाली, मी काही केलं नाही हो. किती दिवस झाले, कुणी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. या पोरीनं बघितलं. मी फक्त एकदा हसले. दुसऱ्या दिवशी ती इकडे, आणि तिकडे तिचं नावही कुणाला आठवेना. तिच्या आईलासुद्धा.

मग म्हणाली, तुमची मुलगी वर्गात आहे ना. तिच्याकडे बघू नका. तिनं काही विचारलं तरी उत्तर देऊ नका.

मंगळवार

वर्गबाई ताईला भिंगरीची आई म्हणतात. ताई हो म्हणते. खोटं बोलत नाहीये ती. तिला तसंच आठवतं.

ताईला मूल हवं होतं, फार. ती हिचे केस किती छान विंचरते. नवे बूट लाल आहेत.

भिंगरी तिला मावशीच म्हणते. वर्गबाई हसल्या. ताई म्हणाली, काय की, सवय लागलीय. मला बरं वाटलं आणि — नको. बरं वाटायला नको. तिनं आई म्हणायला शिकावं. लवकर.

वार कळत नाही

भिंगरी माझ्यापासून वळसा घेते. सगळ्यांसारखा.

पण सगळ्यांपेक्षा जरा मोठा. मुद्दाम. मान ताठ, डोळे समोर, ओठ घट्ट मिटलेले —

हरायला नको म्हणून मिटतात तसे —

मी त्या गुरुवारी ‘खेळ संपला’ म्हटलंच नाही.

ती विसरलेली नाही. बाकीचे सगळे विसरले. ती खेळते आहे. इतके दिवस, घरीसुद्धा, एकटी —

आत्ता

मधली सुट्टी. वर्ग रिकामा. दिसेल तेवढंच लिहायचं.

मुलगी दारातून आत आली. एकटी. खुंटीपाशी थांबली. खुर्चीकडे निघाली. वळसा घेत नाही. सरळ येते आहे.

मुलगी खुर्चीसमोर उभी. बुटाची नाडी सुटलेली.

विचारते आहे, खेळ संपला का. म्हणते, एकदाही बघितलं नाही, रडलेसुद्धा नाही, मग जिंकले ना.

मी मान खाली घातली आहे. लिहीत राहिलं की वर बघावं लागत नाही.

मुलीचा ओठ थरथरला. मुलीनं हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. ऊब आहे हाताला — किती दिवसांनी —

घंटा झाली. मुलं आत आली. वर्गबाई हजेरी घेतायत. कासववालीला हाक मारली. मुलगी वळली नाही. ‘संपला’ ऐकल्याशिवाय ती हलणार नाही, मीच शिकवलं —

दुसऱ्यांदा हाक मारली. अजून आठवतंय त्यांना. जा ना गं. जा, हो म्हण —

वर्गबाई थांबल्या. कपाळाला आठी. खुंट्यांकडे बघतायत, काहीतरी आठवत नसल्यासारख्या —

पुढचं नाव घेतलं.

नाही. अजून वेळ आहे. तिचा हात फक्त बाजूला करते, बघत नाही, बोलत नाही, नुसता हात, एवढ्यानं काही होत