गुन्वोरने परत केलेला शब्द

प्रिय यूरुन,

फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर माझीच बोलती बंद होईल, म्हणून हे पत्र. ओस्लोत अजून बर्फ आहे, गुडघा कुरकुरतोय, आणि तू विणलेले लोकरी मोजे मी संसदेतही घालतो.

आपल्या हेलेविकच्या दवाखान्यातला प्रसूतिविभाग बंद करण्याच्या ठरावावर मी मत दिलं नाही, म्हणून तीन आठवडे तू माझ्याशी बोललेली नाहीस. तू तिथली सुईण, आणि जन्मही तुझा तिथलाच. तुझी आई कळा सोसत पायी गेली होती. मी मागून पिशवी घेऊन धापा टाकत होतो.

तुला ठाऊक आहे ती हकीकत खरी आहे, पण अर्धी. गुन्वोर माझी शाळेपासूनची मैत्रीण, बसते विरोधी बाकांवर. ती ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. त्यांचा एक आजारी पडला की आमचा एक मतदानाला बाहेर बसतो, म्हणजे तोल बिघडत नाही, हा इथला जुना रिवाज. त्याला कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. तिच्यासाठी मी बाहेर बसलो. आत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या मतावर ठराव पास झाला आणि आमच्या सरकारची चार पक्षांची मोट सुटता सुटता राहिली. शुक्रवारी राजवाड्यात राजेसाहेबांची सहीही झाली. वर्तमानपत्रांनी मला शब्दाचा पक्का म्हटलं, विरोधकांनी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.

आता उरलेली अर्धी. त्या सकाळी गुन्वोरचा फोन आला. आवाज खोल गेलेला, जीभ मात्र तीच. "ओदवार, माझ्यासाठी बाहेर बाक उबवत बसू नकोस. आत जा आणि विरोधात मत दे, गाढवा! यूरुनच्या तोंडाकडे तरी बघ." मी म्हटलं, "शब्द दिलाय, गुन्वोर." ती खोकत खोकत हसली. "कुणाला? मलाच ना? मग मीच परत देतेय. घे."

मी घेतला नाही. आदल्याच दिवशी आमच्या गटनेत्याने मला कॉफी पाजली होती. "तू विरोधात गेलास तर सरकार पडेल. नुसता बाहेर बस रे, मंत्रिमंडळाच्या पुढच्या बदलात मत्स्यखातं तुझं." यूरुन, मी भ्यालो, आणि मला मोहही झाला. आत मतदानाची घंटा वाजत होती तेव्हा बाहेर बसून मी एक अख्खं वाफल खाल्लं, जामसकट. त्याची आजही लाज वाटते.

गुन्वोरने कुणाला सांगितलेलं नाही. परवा भेटायला गेलो तर म्हणाली, "मी तोंड उघडणार नाही. तुझं तू बघ."

म्हणून बघतोय. मत्स्यखातं मी नाकारलं आहे, आणि हे सगळं शनिवारी आपल्या गावच्या वर्तमानपत्रात माझ्या नावाने छापून येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. विभाग एक मे रोजी बंद होतोय, आणि तुझे दिवस जूनमध्ये भरतात, हे मला तुझ्या मावशीकडून कळलं. त्यापुढचा जवळचा दवाखाना म्हणजे दोन तासांचा घाट आणि मध्ये फेरीबोट. मेच्या पहिल्या दिवसापासून माझी गाडी तुझ्या दाराशी उभी असेल. माफ कर असं म्हणत नाही. तू मागे बस, बोलू नकोस. मी फक्त गाडी चालवीन.

तुझाच,
बाबा