प्रजासत्ताकासाठी आजारी

तीर्थस्वरूप चेचिलियाताईस, पोलंडातल्या क्राकूवच्या बर्फातून धाकट्या आल्व्हिझेचा वाकून नमस्कार.

तुझी दाढ आता कशी आहे? भावोजींची तब्येत आणि सिनेटमधली जागा दोन्ही शाबूत असतील अशी आशा आहे. माझे विचारशील तर अंथरुणात आहे, आणि हे सरकारी काम आहे.

त्याचे असे झाले. नाताळच्या दरबारी मिरवणुकीत मला मांतुआच्या राजदूतामागे जागा दिली. (व्हेनिसचा माणूस मांतुआच्या मागे! ज्यांचा समुद्र म्हणजे गावाभोवतीची तीन तळी!) मागे चालावे तर प्रजासत्ताकाचे नाक जाते, भांडावे तर इथला राजा रुसतो आणि त्याच्याशी ठरत आलेला तह बोंबलतो. अशा वेळी आम्ही राजदूत एकच जुना उपाय करतो, आजारी पडतो. मी पायाच्या अंगठ्यात वात आणला. चिटणीस बोर्तोलोने पाय गुंडाळून दिला, मी कण्हू लागलो, आणि नाकही वाचले, तहही.

पण मांतुआचा तो राजदूत, काउंट फेरांते, महाबेरकी. तो रोज समाचाराला येऊ लागला, वर राजाला सांगून दरबारी वैद्यही पाठवला. मग सोंग सजवणे आलेच. वैद्याने दिवसातून तीनदा बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आठवड्याला वाटीभर रक्त काढले. (जानेवारीत, क्राकूवमध्ये!) पाय मुळातच ठणठणीत होता, तो तसाच राहिला. छाती मात्र धरली. आता ताप उतरत नाही आणि खोकलो की रुमालाला रक्त लागते.

वैद्याला सांगितले तर त्याने डोळा मिचकावला. "पायावरून थेट छातीवर? वा साहेब, बढती झाली की!" फेरांते म्हणाला, "कमाल आहे बुवा तुमची, खोकला अगदी अस्सल!" बोर्तोलोसुद्धा दार लावून म्हणतो, "आता कोणी नाही साहेब, जरा खोकणे थांबवा."

मला परत बोलवा म्हणून सिनेटला दोनदा लिहिले. उत्तर आले की सोंग उत्तम वठले आहे, ईस्टरपर्यंत चालू ठेवावे.

तुझा,
आल्व्हिझे

ता. क. भावोजींना सिनेटमध्ये उभे राहून शपथेवर सांगायला लाव की हा आजार खरा आहे. मला इथे मरायचे नाही, ताई. फार भीती वाटते.

आणखी एक. ते विचारतील, कशावरून खरा? लॅटिनच्या मास्तरांना चुकवायला मी पोटदुखी काढायचो तेव्हा आई फसायची, तू कधीच फसली नाहीस. म्हणून तुलाच लिहितो आहे. हे वाचताना तुलाही हसू आले असेल, तर माझे संपले.