बटणं बाहेर येणारा फोन

माय, तू गेलीस तेव्हा जसोंडीत कुणाच्याच घरी फोन नव्हता, म्हणजे तुला फोन म्हणजे काय इथपासून सांगायला हवं, आणि तेवढा धीर मला नाही. एवढंच धर की लांबच्या माणसाशी बोलायची एक डबी असते आणि आता ती ज्याच्या त्याच्या खिशात असते. माझ्याकडे पण आहे. पण माझी सगळ्यांसारखी नाही. सगळ्यांची म्हणजे नुसती काच. माझी पण वरून काचच दिसते, पण अंगठ्याने वरचा भाग जरा बाजूला रेटला की खटक् होतं आणि खालून बटणांच्या ओळी बाहेर येतात. तुझ्या मिसळणाच्या लाकडी डब्याचं झाकण असंच आडवं सरकायचं ना, तसं. तुझं झाकण पावसाळ्यात फुगून अडायचं नि तू त्याला शिव्या द्यायचीस, हे अडत नाही. पहिल्या दिवशी मी ते उघड-मीट, उघड-मीट करत बसले. सून म्हणाली, "आई, आत झुरळ गेलंय का?" मी म्हटलं, "नाही गं, एवढ्या पातळ वस्तूच्या पोटात दुसरी वस्तू राहते कुठे, ते बघते." अजून कळलेलं नाही. एकदा कानाला लावून पण उघडून बघितलं. आवाज फार छान येतो. केळीचं पान देठापासून मोडताना येतो तसा, पण कोरडा.

हे लोधीपुऱ्यातल्या घरात ओट्यापाशी बसून लिहिते आहे. भाजी निवडायची पडली आहे. पण आधी धाकटीचं सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणशील या वयात हिला खेळणं कशाला.

तुझ्या धाकटीचे कान गेले, माय. तीच ती, जी विहिरीपाशी उभी राहून मला शेताच्या पार टोकाला हाक मारायची. तुकईथडला तिच्या सासरी किराण्याचं दुकान, तिथे पण तिचा आवाज रस्त्यापर्यंत. मग हळूहळू फोनवर ती "काय? काय म्हणालीस?" करायला लागली. मी ओरडायचे, शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "क्या हुआ चाची, झगडा हो गया क्या?" पुढे धाकटी नुसतं "हो हो" म्हणायला लागली. मी म्हटलं, पाय कसा आहे, तर हो. म्हटलं, मुलगी आली होती का, तर हो. लग्नाकार्यात कोपऱ्यात खुर्ची ओढून बसते आणि सगळ्यांकडे बघून हसत राहते. ते तिचं हसू नाहीच. मग तिच्या मुलाने तिला काचेचा फोन दिला आणि ती त्यावर लिहायला शिकली. तिसरीपर्यंत शाळेत शिकलेल्या अक्षरांवर! तिचं सगळं आयुष्य गल्ल्यावर नि शिलाईच्या मशीनवर गेलं, बोटं मऊ राहिली. बोट टेकवलं की काच ऐकते तिचं.

लेकाने मला पण तसलाच दिला होता, पण काच माझं नाही ऐकत. केळीचा चीक आणि कापसाची बोंडं, यांनी माझ्या बोटांची कातडी पार घोटून टाकली आहे. काचेवर बोट ठेवते, काही होत नाही. दाबते, काही नाही. फुंकर मारून, पदराला पुसून, थुंकी लावून बघितलं. लेक म्हणतो, "आई, तुझ्या बोटात करंटच नाही." रेशनच्या दुकानात पण तसंच. तुला सही येत नव्हती म्हणून तू जन्मभर अंगठा दिलास आणि मला म्हणालीस, तू सही शीक. शिकले. आता मशीनला सही नको, अंगठा पाहिजे, आणि माझा अंगठा उठत नाही. दुकानदार म्हणतो, "अम्मा, फिर से." मी मनात म्हणते, मायला बोलावू का?

तर धाकटीने एक दिवस लिहून पाठवलं, "ताई, तू बोलत का नाहीस. रागावलीस का." मी वाचलं. वाचता मला येतंच ना. पण उत्तर कसं द्यावं? लेकाने माझ्या वतीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिने परत विचारलं. नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी टाइप करते ना." पण माय, नातीसमोर मी धाकटीला काय सांगणार? तेव्हा नातीने धाकटीला पोहोचवलं ते एवढंच, "मी मजेत आहे. काळजी घे." नात म्हणाली, "बोलून पण लिहिता येतं, आजी, फक्त बोल." मग मी फोनसमोर बोलायला बसले तर सून पोळ्या लाटायची थांबली आणि ऐकायला लागली. त्यात माझी अर्धी मराठी, अर्धी हिंदी, त्या फोनला पचेना. तेव्हा परत नातीचंच गेलं, खाली फुलाचं चित्र लावून. धाकटीने उत्तर दिलं, "हे तू नाहीस." आणि मग तिने लिहायचंच बंद केलं. पोळा गेला, दसरा गेला, काही नाही. मला वाटायला लागलं, आता आम्ही दोघी जिवंत असून एकमेकींना मेल्यासारख्या होणार. ती तिकडे कोपऱ्यात हसणार आणि मी इकडे काच पुसणार.

म्हणून मी मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. म्हटलं, काच खराब असेल. त्याने त्याच्या बोटाने टकाटक चालवून दाखवलं. "मशीन ठीक है अम्मा." मी म्हटलं, मला बटणं पाहिजेत. त्याने बटणांचा साधा फोन काढला, एकेका बटणावर चार-चार अक्षरं, ती पुन्हा पुन्हा दाबायची. मला जमेना, क ला जायचं तर ग ला पोहोचायची. मग त्याने खालचा खण उपसला, मेलेल्या फोनांचा, आणि हा वर आला. मी सहज सरकवला, खटक्. हात थांबला माझा. प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा! मी एक बटण दाबलं. ते खाली गेलं आणि परत वर आलं, म्हणजे त्याने मला सांगितलं की हो, दाबलंस. काच असं काही सांगत नाही गं. काचेवर दाबलं काय, न दाबलं काय, ती आपली तशीच. तो म्हणाला, "अम्मा, ये अब कोई नहीं लेता. शौक से लोग रखते हैं, पुराने लोग." मी म्हटलं, "तो मैं कौनसी नई हूँ?" तो इतका हसला की चहा मागवला. नवी बॅटरी घालून चालू झाला. तेव्हापासून मी विचार करते, लोकांनी ही वस्तू बनवायचीच का सोडली? खालचं लपलेलं वर यावं, हाताला खडबडीत लागावं, हे कुणाला नको असेल? नातीला दिला तर ती पण दोन दिवस खटक्-खटक् करत होती. वर म्हणते, "आजी, सॅटिस्फाइंग आहे हे." म्हणजे काय ते मी विचारलं नाही, तोंडावरून कळलं.

बटणांवर इंग्रजी अक्षरं होती. नातीने आतली व्यवस्था मराठी केली आणि पांढऱ्या रंगात सुई बुडवून एकेका बटणावर आपली अक्षरं काढली, वरून नखांना लावतात ते पारदर्शक पॉलिश. सगळी अक्षरं बाराखडीच्या क्रमाने नाहीत, हे बघून मी आधी हबकले. पण त्यात पण गंमत आहे, ऐक. काने, मात्रा, वेलांट्या डावीकडे. क, त, प, र असली मोठी माणसं उजवीकडे. मी म्हटलं, अरे, हे तर ताट वाढलंय! मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. मग काय, चुकेनाच. क आणि ख एकाच बटणावर, त आणि थ एकाच, ग आणि घ एकाच, थोरली-धाकटी एका गोधडीत झोपल्यासारखी. धाकटी हवी असेल तर कोपऱ्यातलं एक बटण दाबून तिला उठवायचं. नात म्हणाली, "आजी, तू हे कॉलेजात शिकवायला पाहिजे." मी म्हटलं, आधी माझी भाजी निवड.

दुपारी सगळे पांगले तशी मी दार लोटून बसले. काय लिहावं? मजेत आहे, काळजी घे, हे तर गेलेलंच होतं. मग मी लिहिलं, "कान गेले तर गेले तोंड शाबूत आहे ना. लग्नात कोपऱ्यात बसून खुळ्यासारखी हसतेस ते मला आवडत नाही. मागे तुझ्याकडे जेवले तेव्हा वांग्यात तिखट नव्हतं ते कुणी सांगितलं नाही मी सांगते." पाठवून दिलं आणि लगेच घाबरले. आधीच रुसलेली, आता काय करते कोण जाणे. चहा केला तो तसाच निवला. मग फोन थरथरला. तिने लिहिलं होतं, "आली का बाई तू एकदाची." आणि खाली अजून, "वांगी सुनेने केली होती. माझ्यावर घेऊ नको." मी एकटीच मोठ्याने हसले. मग डोळे पुसले, मग परत हसले.

तेव्हापासून आमचं थांबत नाही. परवा तिने जावळाची आठवण काढली. तुला आठवतं? भावाचं जावळ होतं, मामा त्याला मांडीवर घेऊन बसायला आला होता, आणि मामाच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही. आम्ही पोरी तेव्हा बाभळीच्या काट्याने केळीच्या पानावर अक्षरं कोरायचो. कोरताना काही दिसायचं नाही, थोड्या वेळाने चीक काळा पडला की अक्षर वर यायचं. आणि जेवणाच्या गठ्ठ्यातलं एक पान आम्ही कोरून ठेवलं होतं, ते नेमकं मामापुढे गेलं. मी बघतेय, मामा भात सारतो, वाकून वाचतो, "मामाचं जावळ आधीच झालं." आमटीची वाटी उचलतो आणि त्यावर ओततो. तू मागून आलीस आणि धाकटीचा कान पिळलास. ती आता लिहिते, "कोरलं तू पिळला माझा. माझा कान तेव्हाच गेला." हे वाचून मी दोन दिवस हसते आहे.

पण माय, एक सांग. तुला तर वाचता येत नव्हतं. मग तुला कळलं कसं? आणि त्याच संध्याकाळी तू माझ्यापुढे एक पान ठेवलंस आणि म्हणालीस, "यावर माझं नाव काढ." मी काढलं. तू चुलीपाशी बसून ते काळं होईपर्यंत एकटक बघत राहिलीस, बोट फिरवलंस, आणि मग उठून ते पान गाईला घातलंस. का घातलंस? धाकटी म्हणते, कुणी बघू नये म्हणून. मी म्हणते, गाय भुकेली होती. आमचं यावर भांडण चालू आहे, दोघी सत्तरीच्या पुढे आणि एकमेकींना "तुला काय कळतं" लिहितो आहोत. तू असतीस तर निकाल लागला असता.

हे सगळं मी त्याच बटणांवर लिहिते आहे. वर कुणाला पाठवायचं ते विचारतो फोन, ती जागा रिकामीच ठेवली आहे. धाकटीलाच पाठवलं असतं, पण शेवटचं तिला सांगण्यासारखं नाही. तिच्या मुलाने कानाचं मशीन आणायचं ठरवलंय, माप पण देऊन आले. तिला सगळं ऐकू येईल म्हणे, अगदी फोनवरचं पण. तिने आनंदाने कळवलं आणि मी पण लगेच लिहिलं, "लवकर आण." पण खरं सांगू? मशीन यायला थोडा उशीर झाला तर मला वाईट वाटणार नाही.